रुमालाची जागा

पोह्यांची ताटली समोर आली की रणजितराव आधी खिशातून रुमाल काढायचे, एकदा झटकायचे आणि शेजारच्या खुर्चीवर टाकायचे. मग दाराकडे नजर लावून बसायचे. पोहे निवून जायचे, पण ते चमच्याला हात लावायचे नाहीत. भांडी घासायला येणाऱ्या राणीने एकदा त्या खुर्चीवर नुसती भाजीची पिशवी टेकवली, तर एवढा मवाळ माणूस तिच्यावर खेकसला होता, “अहो, रुमाल दिसत नाही का? जागा धरलीय. फाट्यावर मॅडम चढतील.”

मॅडम म्हणजे हेमांगी. ती कुठल्या फाट्यावरून नव्हे, तर स्वयंपाकघरातून चहाचे दोन कप घेऊन यायची, आणि गेली सदतीस वर्षं ती रणजितरावांची बायको होती. यातली दुसरी गोष्ट रणजितरावांना आताशा ठाऊक नव्हती. तिला पाहिलं की ते लगबगीने रुमाल उचलायचे आणि थोडं सरकून घ्यायचे.

“बसा मॅडम. आज गर्दी फार आहे.”

“हो ना,” हेमांगी म्हणायची आणि बसायची. घरात माणसं दोनच.

रणजित धुमाळ सरकारी भूकरमापक होते. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीचे दगड रोवायचे, आणि भावाभावांच्या शिव्या ऐकून घ्यायच्या, यात त्यांची नोकरी गेली. विट्याहून आठ चाळीसला सुटणाऱ्या तासगावच्या एसटीने ते रोज जायचे. मधल्या फाट्यावर गाडी यायची तेव्हा आत पाय ठेवायला जागा नसायची. त्याच फाट्यावर एके सकाळी हेमांगी चढली. तासगावच्या एका वाचनालयात तिला ग्रंथपालाची नोकरी लागली होती आणि तो पहिलाच दिवस होता. सगळ्या गाडीत एकच जागा रिकामी होती आणि तिच्यावर रुमाल होता. तिने विचारलं, “इथं कुणी आहे का?”

रुमाल टाकला होता साळुंखे नावाच्या सहकाऱ्यासाठी, आणि साळुंखे तिच्या मागेच पायरीवर उभे होते. रणजितरावांनी साळुंख्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, रुमाल उचलला आणि म्हणाले, “कुणी नाही. बसा.” साळुंखे तासगावपर्यंत दांडीला लोंबकळत गेले. पुढे दीड वर्षाने लग्नात अक्षता टाकतानाही त्यांनी त्या जागेवरून टोमणा मारलाच.

अडीच वर्षांपूर्वी रणजितरावांना स्मृतिक्षयाने गाठलं. आधी चष्मा हरवायला लागला, मग दिवस, मग माणसं. विसरण्याला काही क्रम असेल असं हेमांगीला वाटलं होतं, पण तसं काही नव्हतं. लग्न गेलं, घराचा पत्ता गेला, आणि आठ चाळीसची गाडी तेवढी राहिली.

या आजारावर औषध अजून निघालं नव्हतं. निघाला होता तो मनपट. रुग्णाच्या डोक्यावर एक टोपी घालायची. टोपीच्या आत दोनशेवर संवेदक. मग त्याला फोटो दाखवायचे, आवाज ऐकवायचे, वेलदोडा नाहीतर रॉकेल हुंगायला द्यायचं. एक गोष्ट मनात आली की तिच्या मागोमाग कुठली दुसरी जागी होते, हे टोपी टिपायची आणि पडद्यावर त्याचा नकाशा काढायची. प्रत्येक कल्पनेची एक गाठ, आणि दोन गाठींमध्ये धागा. जितकी वहिवाट जास्त, तितका धागा जाड. तुटत आलेला धागा लाल दिसायचा. घरच्या माणसाने पडद्यावर बोट फिरवून तो पुन्हा जोडायचा. झोपेत मेंदू दिवसभराचा पसारा आवरतोच. टोपी त्या वेळी चुंबकीय स्पंदनांचे हलके धक्के देऊन मेंदूला जोडलेल्या वाटेनेच पुन्हा पुन्हा चालवायची. महिनाभरात लाल धागा काळा व्हायचा, निदान व्हायला हवा असायचा. धडधाकट जाड धागा दुसरीकडे वळवला, तर मात्र एक झोपही पुरायची.

सांगलीच्या एका उपचार केंद्रातून शर्वी नावाची तंत्रज्ञ दर गुरुवारी नकाशा तपासायला यायची. मुलगी गोड होती, पण नियमाला कडक. “काकू, लाल धागे तेवढे जोडायचे. गाठी जागच्या हलवायच्या नाहीत,” हे तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण चार महिन्यांत हेमांगीचा हात असा काही बसला की शर्वीने स्वतःहून तिला फेरमांडणीची मुभा उघडून दिली. “असू दे तुमच्याकडे. मला विचारल्याशिवाय वापरू नका म्हणजे झालं.”

आता, जिची एकतीस वर्षं पुस्तकं जागच्या जागी लावण्यात गेली, तिच्यापुढे असला नकाशा ठेवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखंच होतं. रणजितरावांच्या मनाचा पसारा हेमांगीला बघवत नव्हता. ‘पेरू’ लोंबत होता ‘दिवाणी न्यायालया’ला. ‘वडील’ होते ‘मोजणीची साखळी’ आणि ‘विंचू’ यांच्या मधे. त्यांची एकुलती एक मुलगी मिहिका, जी आता बेंगळुरूला असते, ती घरातल्या माणसांत नव्हतीच. ती ‘डांग्या खोकला’ या गाठीखाली होती, कारण ती तीन वर्षांची असताना तिला तो झाला होता आणि रणजितरावांनी तिला खांद्यावर घेऊन रात्री काढल्या होत्या. म्हणूनच मिहिकाचा फोन आला की ते तिचं नाव न घेता विचारायचे, “खोकला कमी आहे का गं?”

आणि ‘मॅडम’ ही गाठ होती ‘आठ चाळीस’खाली. तिचा धागा इतका जाड, की पडदा कितीही लहान केला तरी दिसायचा. तिच्या अवतीभवती खिडकी, रुमाल, मीठ लावलेली काकडी आणि घाटातलं वळण होतं. तिथून खूप लांब, ‘घर’ नावाच्या ओसाड फांदीवर ‘पत्नी’ अशी एक गाठ होती. तिच्या धाग्याचा रंगसुद्धा नीट दिसत नव्हता.

मनपट त्या गाठींखाली रोज एक ओळ दाखवायचा: ‘या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या असाव्यात. एकत्र करायच्या?’ हेमांगी रोज ती ओळ वाचायची आणि बाजूला सारायची. वाचनालयात एकच पुस्तक दोन कपाटांत सापडलं, तर ती शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना धारेवर धरायची. एक पुस्तक, एक जागा. इथे तर ती स्वतःच दोन ठिकाणी होती, आणि जिथे असायला हवी तिथे धूळ खात होती.

तरी तिने हात आवरला होता. पण खालच्या मजल्यावरच्या बारशात सगळं बिनसलं. बायका जमल्या होत्या, आणि कुणीतरी सहज रणजितरावांना विचारलं, “काका, या कोण?”

“या आमच्या मॅडम,” ते कौतुकाने म्हणाले. “रोज फाट्यावर चढतात.”

“अस्सं? घरी काकूंना माहीत आहे का हे?”

सगळ्या हसल्या. रणजितराव गोंधळले. काहीतरी चुकीचं बोललो, एवढं त्यांना कळलं. घाईघाईने म्हणाले, “काकू कोण? माझ्या घरी कुणी नाही.”

हेमांगीसुद्धा हसली. हसण्यावारी नेण्यावाचून दुसरं करणार काय? पण पाळण्याची दोरी हातात आली तेव्हा तिने ती शेजारणीकडे दिली. सदतीस वर्षं या माणसाच्या घरात ती भाकऱ्या थापत होती, त्याची दुखणीखुपणी काढत होती, आणि घरी म्हणे कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून रणजितराव आडवे झाले. तिने त्यांच्या डोक्यावर टोपी चढवली आणि मनपट उघडला. खाली तीच ओळ आली. या वेळी तिने ‘होय’ म्हटलं. ‘मॅडम’ सरकत सरकत ‘घर’च्या फांदीवर गेली आणि ‘पत्नी’त मिसळली. मनपटाने नव्या गाठीचं नाव विचारलं, तेव्हा हेमांगीने नीट लिहिलं: हेमांगी रणजित धुमाळ.

एकदा कपाट आवरायला काढलं की एका फळीवर हात थांबत नाही. रुमाल तिने कपड्यांत घातला. काकडी भाज्यांत. घाटातलं वळण ‘रस्ते’ या सदरात. मिहिकाला खोकल्यातून सोडवून ‘मुलगी’ म्हणून घरी आणलं. पेरूलासुद्धा न्यायालयातून बाहेर काढलं. तासाभरात नकाशा असा झाला की कुणीही बघून शाबासकी द्यावी. तिने ‘जतन करा’वर बोट ठेवलं आणि चहाचं आधण चढवलं. शर्वीला विचारायचं तिच्या मनात आलं होतं, पण विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

चहा उकळत असताना मागून हाक आली, “हेमांगी, चहा झाला का?”

तिच्या हातातली गाळणी खाली पडली. बाहेर येऊन तिने विचारलं, “मी कोण आहे?”

“कोण म्हणजे? तू माझी पत्नी. हेमांगी रणजित धुमाळ.” ते जरा थांबले. “आपली मुलगी मिहिका.”

हेमांगी तिथेच भिंतीला टेकून मनसोक्त रडली.

पुढचे काही दिवस घरात सण होता. मिहिकाने व्हिडिओ कॉलवर बाबांच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं आणि ऑफिसातल्या लोकांसमोर रडली. गुरुवारी शर्वीने तपासणी केली, तर ओळखीचा गुणांक अडतीसवरून एकाहत्तरवर गेला होता. फेरमांडणी न विचारता झाली म्हणून ती आधी रागावली, पण आकड्यापुढे तिलाही फार बोलता येईना. केंद्रातल्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून अभिनंदन केलं.

त्यानंतरच्या एका सकाळी हेमांगी चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली. रणजितरावांचे पोहे खाऊन झाले होते. शेजारच्या खुर्चीवर राणीने भाजीची पिशवी ठेवली होती आणि तिला कुणी काही बोललं नव्हतं. हेमांगी कप हातात धरून उभी राहिली. रुमाल दिसून किती दिवस झाले, हे तिला आठवेना.

“मी कुठे बसू?” तिने विचारलं.

रणजितरावांनी सगळीकडे नीट पाहिलं. “बैस ना. चार खुर्च्या आहेत.”

ती समोर बसली. चहा तसाच ठेवून म्हणाली, “अहो, आठ चाळीसची गाडी आठवते तुम्हाला?”

“न आठवायला काय झालं? विटा-तासगाव. मी रोज जायचो.”

“शेजारी कोण बसायचं?”

त्यांनी खूप विचार केला. प्रामाणिकपणे आठवत होते बिचारे.

“साळुंखे,” ते म्हणाले.

हेमांगीला हसू आलं, पण क्षणभरच. बायको म्हणून आपलं नाव त्यांना पाठ आहे, एखाद्या कार्डावर लिहिलेलं असावं तसं. पण ज्या बाईसाठी ते रोज जागा धरत होते, ती आता कुठल्याच गाडीत नाही. तिला आपणच उतरवलं, हे हेमांगीला कळलं.

तिने मनपट उघडून ‘पूर्ववत करा’वर बोट दाबलं. गाठी शहाण्यासारख्या आपापल्या जुन्या जागी गेल्या. ‘मॅडम’ पुन्हा ‘आठ चाळीस’खाली आली, रुमाल आला, काकडी आली. पण त्यांना जोडणारे धागे आले ते ठिपक्याठिपक्यांचे, राखाडी. दोन दुपारी टोपी चढवली, चार दुपारी चढवली. ठिपके भरले नाहीत.

गुरुवारी शर्वीने ते पाहिलं आणि पडदा मोठा करून एकेक धागा तपासला.

“काकू, हे चित्र परत आलंय. काका नाही आले,” ती शेवटी म्हणाली. “त्यांच्या मेंदूत मोकळ्या पेशी फार उरलेल्या नाहीत. तुम्ही नवी वाट आखलीत, ती बांधायला त्याने जुन्या वाटेच्याच पेशी वापरल्या. आता जुनी वाट कशाची बांधणार?”

“मग नवी मोडून जुनी बांध.”

“मोडली तर जुनी परत येईलच असं नाही. तुम्ही पत्नी आहात हेसुद्धा जाईल आणि हाती काहीच लागणार नाही. मी ती जोखीम घेऊ शकत नाही.” मग जरा घुटमळून ती म्हणाली, “दोन्ही गाठींमध्ये नुसता एक धागा जोडला असतात, तरी चाललं असतं. एकाच माणसाच्या दोन-दोन गाठी सगळ्यांच्याच मनात असतात हो. माझी आई माझ्या मनात पाच ठिकाणी आहे.”

हे ती ओरडून बोलली असती तरी हेमांगीला परवडलं असतं. रणजितराव नोकरीत असताना नेहमी सांगायचे, कागदावरची रेघ खोडून पुन्हा काढता येते. पण बांधावरचा दगड एकदा उपटला की त्याचा खड्डा पहिल्या पावसात बुजतो, मग दगड हातात असला तरी त्याची जागा सापडत नाही. जन्मभर हे ऐकलेल्या बाईनेच दगड उपटला होता.

तक्रार करावी तर कुणाची? केंद्राच्या अर्जात ‘हानीचे स्वरूप’ असा रकाना होता. त्यात तिने लिहिलं, ‘खुर्चीवर रुमाल टाकत नाहीत.’ वाचून तिचं तिलाच ते वेडेपणाचं वाटलं. डॉक्टर समजुतीने म्हणाले, “ताई, गुणांक एकाहत्तर आहे. दहा घरांत विचारा, लोक याच्यासाठी नवस बोलतात. नेमकं गेलं काय?” मिहिका आधी वैतागली होती. “आई, बाबा मला नावाने हाक मारतात आता. तुझं रुमालाचं काय घेऊन बसलीस?” तिचंही काही चुकत नव्हतं. पण आठवड्याने तिचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “बाबा आता खोकल्याचं विचारत नाहीत गं.”  आणि तिने फोन ठेवून दिला.

हेमांगीच्या हातात करण्यासारखं एवढंच उरलं. रोज सकाळी रणजितराव आंघोळीहून यायच्या आत ती टेबलापाशी बसायची, कपाटातून आणलेला त्यांचा रुमाल झटकायची आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर टाकायची. रणजितराव यायचे, रुमाल उचलायचे, त्याची व्यवस्थित चौकोनी घडी घालायचे आणि आत जाऊन कपाटात ठेवून यायचे.

“रुमाल कपड्यांत ठेवायचा असतो, हेमांगी,” ते शांतपणे सांगायचे.

“हो,” ती म्हणायची. ती जागा तिनेच नेमून दिली होती.

असे बावीस दिवस गेले. टोपी ती चढवत होती, पण नकाशा उघडायचं तिने सोडून दिलं होतं. ते ठिपके तिला नकोसे झाले होते. राणी रोज हा खेळ बघत भांडी घासायची. एकदा मात्र तिला राहवलं नाही. “काकू, कशाला जिवाला लावून घेताय? ओळखत्यात की तुमास्नी.”

तेविसाव्या दिवशी रणजितराव आंघोळ करून आले आणि खुर्चीपाशी थांबले. रुमालाकडे त्यांचा हात गेला, पण त्यांनी तो उचलला नाही. हात मागे घेऊन खुर्चीच्या पाठीवर ठेवला. दाराकडे पाहिलं. मग हेमांगीकडे पाहिलं, आणि परक्या माणसाला विचारताना जसा आवाज खाली येतो तशा आवाजात म्हणाले,

“इथं कुणी आहे का?”

हे त्यांना आठवलं, की समोरच्या रुमालावरून नुसतं सुचलं, हे ओळखायला हेमांगीपाशी काही साधन नव्हतं. मनपट आतल्या खोलीत होता. उठून तो आणावा, तर इथे हे थांबतील याची खात्री नव्हती. आणि त्यांच्या नजरेत बायको म्हणून असलेली ओळख तर तिला कुठेच दिसत नव्हती. ‘अहो, मी हेमांगी’ असं म्हटलं असतं तर कदाचित ती परत आली असती आणि रुमाल पुन्हा कपाटात गेला असता. बायको आणि मॅडम दोन्ही हाती लागतील असं उत्तर तिला सापडेना.

तिने हात लांबवला आणि रुमाल उचलून घेतला.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “बसा.”

ते बसले, जरा अंग चोरून, तिला धक्का लागू नये असे. पोह्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. थोडा वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग तिच्याकडे वळून त्यांनी संकोचत विचारलं, “तुम्ही कुठे उतरणार?”